पालक-रिकोत्ताची न्यूदी: पाणी काढायचं, मैदा वाढवायचा नाही

न्योक्की म्हटलं की काट्याने रेघा उमटवलेले बटाट्याचे गोळे आठवतात. पण बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात, आणि इटलीतल्या स्वयंपाकघरांत तो रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. न्योक्की त्याआधीपासून होतीच. ती कधी पिठाची असे, कधी शिळ्या पावाची, तर कधी चीज आणि पालेभाजीची. न्यूदी ही याच जुन्या घराण्यातली, इटलीतल्या तोस्काना प्रांताची. रॅव्हिओलीत (पास्त्याच्या पारीच्या करंज्यांत) भरतात ते रिकोत्ता, म्हणजे मऊ ताजं चीज, आणि पालकाचं सारण घ्यायचं आणि पारीशिवाय, नुसते गोळे वळून उकळत्या पाण्यात शिजवायचे. सिएनाच्या बाजूला यालाच मालफात्ती म्हणतात.

पारी नाही, म्हणजे सारणाने स्वतःच्या बळावर टिकायला हवं. नवशिक्यांची अडचण इथेच होते. पहिल्या खेपेला गोळे पाण्यात सुटतात आणि पातेल्यात हिरवट पेज उरते. दुसऱ्या खेपेला भीतीपोटी दुप्पट मैदा पडतो. मग गोळे टिकतात, पण चिवट होतात आणि रिकोत्ताची चव कुठल्या कुठे जाते. दोन्हींचं मूळ एकच, मिश्रणात राहिलेलं पाणी. मी हा पदार्थ फ्लॉरेन्समध्ये राहत असताना शिकले आणि आता पुण्यात करते. जिन्नस इथे वेगळे मिळतात, पण नियम तोच राहतो. पाणी आधीच काढलं तर मैदा अगदी थोडा लागतो, आणि मैदा थोडा असेल तरच न्यूदी मऊ होते.

काय काय लागेल

चार जणांसाठी, साधारण ३० गोळ्यांचं प्रमाण:

- रिकोत्ता ४०० ग्रॅम (निथळल्यानंतरचं वजन)
- पालकाची निवडलेली पानं ६०० ग्रॅम (देठं काढून)
- किसलेलं जुनं कडक चीज ६० ग्रॅम, शिवाय वरून घालायला थोडं
- अंडं १ (अंडं न खाणाऱ्यांसाठी पुढे वेगळी पद्धत दिली आहे)
- मैदा ५० ग्रॅम, शिवाय घोळवायला वाटीभर
- जायफळ, काळी मिरी, मीठ
- बिनमिठाचं लोणी ७० ग्रॅम
- सेजची (एका सुगंधी इटालियन पाल्याची) ताजी पानं १०-१२

साधनं: वजनकाटा, जुना स्वच्छ पंचा किंवा मलमलचा फडका, बारीक चाळणी, पसरट पातेलं, झारा आणि गोळे मांडायला एक मोठं ताट. यातला वजनकाटा टाळू नका. पालकाची जुडी कुठे दोनशे ग्रॅमची असते, कुठे चारशेची, आणि निम्मं वजन देठांचंच असतं. "तीन जुड्या" या मापावर हा पदार्थ होत नाही.

चीज घेताना शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट तपासावी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो या दोन्हींत वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट (दूध विरजवणारा घटक) वापरतात, पेकोरीनो रोमानोत कोकराचं. ते या चीजच्या ठरलेल्या कृतीचाच भाग आहे, त्यामुळे महागडा ब्रँड घेतला म्हणून ते टळत नाही. तुम्हाला हे चालत नसेल तर भारतात बनलेलं, हिरवा ठिपका असलेलं आणि घटकांमध्ये मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं पार्मेझान पद्धतीचं चीज घ्या. डब्यातली तयार पूड मात्र घेऊ नका. तिला वास नसतो आणि पूड सुटी राहावी म्हणून तिच्यात बऱ्याचदा स्टार्च घातलेला असतो. प्रक्रिया केलेले चीजचे क्यूबही नकोत, ते पाण्यात वितळून गोळा फोडतात.

१. रिकोत्ता आदल्या रात्री टांगून ठेवा

डब्यातलं रिकोत्ता पंच्यात बांधा, खाली भांडं ठेवून फ्रीजमध्ये रात्रभर निथळू द्या. सकाळी भांड्यात किती पाणी जमलं ते बघाच. हे सगळं पाणी तुमच्या मिश्रणात गेलं असतं. ५०० ग्रॅमचा डबा आणलात तर निथळून ४०० ग्रॅम हाती यायला हरकत नाही.

तोस्कानात बऱ्याचदा मेंढीच्या दुधाचं रिकोत्ता वापरतात. ते जास्त स्निग्ध असतं आणि त्याला वासही असतो. आपल्याकडे बहुधा गाईच्या दुधाचंच मिळतं. काही बिघडत नाही, चव जरा सौम्य राहते इतकंच.

रिकोत्ता मिळालंच नाही तर? इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पॅकेटचं पनीर किसून घालणं. पनीर दाबलेलं असतं, त्याचा दाणा शिजवल्यावरही मऊ होत नाही, आणि गोळा खाताना भुसभुशीत लागतो. दुसरी म्हणजे पनीर केल्यावर उरलेलं पाणी उकळून त्यातून रिकोत्ता काढायला बघणं. इटलीत चीज करून उरलेल्या पाण्यातूनच रिकोत्ता काढतात हे खरं आहे. पण तिथे दूध कोमट असतानाच रेनेटने विरजतं, त्यामुळे दुधातली काही प्रथिनं पाण्यातच राहतात. ते पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापवलं की ती वर येतात. आपण पनीरसाठी दूध आधीच उकळतो, तेव्हा ही प्रथिनं पनीरलाच चिकटून गेलेली असतात. मागे उरलेल्या पाण्यातून फारसं काही निघत नाही.

त्यापेक्षा गाईचं अडीच लिटर दूध घ्या. कडेने बुडबुडे येऊन वाफ दिसायला लागली की, उकळी फुटायच्या आत, गॅस बंद करा. लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून चमचा चमचा घाला आणि अगदी हळू ढवळा. पाणी हिरवट दिसू लागलं की रस घालणं थांबवा. जास्त रसाने छेना आंबट आणि कडक होतो. दहा मिनिटं तसंच ठेवा, मग पंच्यात ओता, वरून गार पाणी घाला आणि दोन-तीन तास टांगा. वजन ठेवून दाबू नका. नंतर त्यात दोन-तीन चमचे साय घालून तळहाताने हलकं चोळून घ्या. हे रिकोत्ता नव्हे, पण न्यूदीसाठी चांगलं काम देतं.

२. पालेभाजी शिजवा, पिळा, चिरा आणि पुन्हा पिळा

घाई करायची असेल तर ती दुसऱ्या कुठल्याही पायरीत करा, इथे नको.

पानं तीन पाण्यांनी धुवा. पावसाळ्यात चार, कारण माती देठाच्या बेचक्यात अडकते. धुतल्यावर पानांना जेवढं पाणी चिकटलेलं असतं तेवढं शिजायला पुरतं. मोठ्या पातेल्यात पानं घाला, झाकण ठेवा, मध्ये एकदा वरखाली करा. तीन-चार मिनिटांत सगळा ढीग बसतो. लगेच ताटात पसरून गार होऊ द्या. बर्फाच्या पाण्यात बुडवायची गरज नाही. रंग जरा जास्त हिरवा राहील, पण पुन्हा पाणी भरलं जाईल.

गार झाल्यावर मुठीत मावेल एवढा गोळा घेऊन पिळा. मग सगळी भाजी पंच्यात बांधून पंचा पीळ देत आवळा. शक्य असेल तर घरातल्या जास्त ताकदीच्या माणसाच्या हाती द्या. आता वजन करा. ६०० ग्रॅम पानांतून २२० ते २४० ग्रॅम भाजी उरायला हवी. काटा २६० च्या वर असेल तर अजून पाणी आहे.

त्यानंतर सुरीने बारीक चिरा आणि चिरलेली भाजी पुन्हा एकदा पिळा. चिरल्यावर आत दडलेलं पाणी सुटतं, आणि बहुतेक पाककृतींत ही दुसरी पिळणी लिहिलेलीच नसते. शेवटी कढईत चमचाभर लोणी टाकून भाजी दोन-तीन मिनिटं परता. कढईचा तळ कोरडा दिसला पाहिजे. मग पुन्हा गार करा.

मिक्सर वापरू नका. वाटलेल्या पालकाचं पाणी पिळून काढता येत नाही. शिवाय सगळं मिश्रण एकरंगी हिरवं होतं. पांढऱ्यात हिरवे ठिपके दिसणं हीच न्यूदीची खूण.

पालकच हवा असं नाही. इटलीत पालकाइतकाच बिएतोला, म्हणजे चार्ड, वापरतात. चार्ड आणि बीट या एकाच वनस्पतीच्या दोन जाती. त्यामुळे मंडईत बीटचा कोवळा पाला मिळाला तर आवर्जून घ्या, त्याची चव पालकापेक्षाही मूळ पदार्थाच्या जवळ जाते. फक्त लाल देठं काढून टाका, नाहीतर रिकोत्ता गुलाबी होईल. चाकवतही चालतो, तो पालकाच्याच कुळातला आहे आणि छान मऊ शिजतो, पण पाणी फार धरतो. अंबाडी आंबट, शेपूचा वास जबरदस्त, मेथी कडू. या तिन्ही भाज्या मला अतिशय आवडतात, पण रिकोत्ताच्या नाजूक चवीपुढे त्या आणू नयेत.

३. मिश्रण करा, मळू नका

निथळलेलं रिकोत्ता चाळणीतून दाबून परातीत घ्या. घरचा छेना असेल तर दोनदा चाळा. त्यात किसलेलं चीज, पाव चमचा ताजं किसलेलं जायफळ आणि मिरपूड घाला. आपल्याला जायफळ श्रीखंडात आणि बासुंदीत माहीत आहे. पालक आणि रिकोत्ताच्या जोडीत ते तितकंच हवं, वगळू नका. मीठ आत्ताच, अंडं घालण्याआधी चाखून ठरवा. चीज खारट असतं, त्यामुळे बहुधा चिमूटभरच लागतं.

मग भाजी, नंतर फेटलेलं अंडं, आणि सगळ्यात शेवटी मैदा भुरभुरवा. बोटांच्या टोकांनी किंवा काट्याने एकजीव करा. कणकेसारखं मळलंत तर मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं आणि गोळे चिवट होतात. मिश्रण हाताला चिकटायला हवं. ते जर हात न भरता सहज गोळा होत असेल, तर मैदा आधीच जास्त झालाय.

मैदा घातल्यावर मिश्रण ताटकळत ठेवू नका. मीठ आणि चीज भाजीतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात आणि तासाभरात ते सैल पडतं. पाहुणे उशिरा येणार असतील तर मैदा न घालता मिश्रण फ्रीजमध्ये ठेवा आणि मैदा आयत्या वेळी घाला.

४. एकच गोळा आधी उकळून बघा

लहान पातेलीत पाणी उकळा, मीठ घाला, एक गोळा मैद्यात घोळवून सोडा. चार मिनिटांनी काढा. टिकला, आणि कापल्यावर आत मऊ असला, तर पुढे चला. कडा झिजल्या असतील तर मिश्रणात एक मोठा चमचा मैदा किंवा दोन चमचे किसलेलं चीज घाला आणि पुन्हा एक गोळा उकळून बघा. मैद्यातला स्टार्च आणि अंडं उष्णतेने घट्ट होतात, तोच गोळ्याचा आधार असतो. दर वेळी दूध वेगळं, पालक वेगळा, अंड्याचं आकारमान वेगळं. म्हणून कोणाच्याही पाककृतीतला मैद्याचा आकडा, माझासुद्धा, हा सुरुवातीचा अंदाज समजा. खरं उत्तर या एका गोळ्याकडूनच मिळतं.

५. गोळे वळा

प्रत्येक गोळा २५ ग्रॅमचा, साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा. पहिले दोन-तीन वजन करून घ्या, मग हाताला अंदाज येतो. सगळे सारखे असले की सारखे शिजतात. हात मैद्याचे करून हलकेच वळा आणि मैदा पसरलेल्या ताटात एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवा. एक सोपी युक्तीही आहे. काचेच्या छोट्या पेल्यात चमचाभर मैदा घ्या, त्यात चमच्याने मिश्रण टाका आणि पेला गोल गोल फिरवा. गोळा आपोआप होतो, वरून मैद्याचा पातळ थर बसतो आणि हातही भरत नाहीत. मुलांना हे काम फार आवडतं.

६. आधण मंद ठेवा

पसरट पातेल्यात तीन लिटर पाणी, त्यात २५ ग्रॅम मीठ. पाणी उकळलं की आच कमी करा. पाणी खळखळत असेल तर गोळे एकमेकांवर आपटून फुटतात. पृष्ठभाग नुसता हलता असावा. एका वेळी आठ-दहा गोळे, त्याहून जास्त नाही. दोन-तीन मिनिटांत ते वर तरंगतात. त्यानंतर आणखी एक मिनिट द्या. झाऱ्याने अलगद काढा. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर आतापर्यंतची सगळी मेहनत चाळणीतच फुटेल.

७. लोणी आणि सेज

पाणी तापत असतानाच हे सुरू करा, कारण न्यूदी थांबत नाही. पसरट तव्यात बिनमिठाचं लोणी मध्यम आचेवर वितळवा. फेस येईल, तडतडेल, मग फेस बसू लागेल. या टप्प्यावर सेजची पानं टाका. तूप कढवताना तळाशी बेरी धरते, तशीच इथेही धरते. फरक इतकाच की तुपासाठी आपण पुढे जाऊन गाळतो, आणि इथे बेरी फिकट बदामी झाली की थांबायचं आणि तिच्यासकट वाढायचं. खमंगपणा सगळा तिच्यातच असतो. शिजवलेल्या पाण्यातला एक पळीभर भाग तव्यात घाला, तवा हलवा, लोणी आणि पाणी मिळून येतील. त्यात गोळे सोडून तवा नुसता फिरवा, उलथणं लावू नका.

नेहमीचं मिठाचं पिवळं बटर वापरलं तर पदार्थ खारट होतो, कारण चीजचं मीठ आहेच. घरचं लोणी उत्तम. त्यात पाणी जास्त असतं म्हणून ते जास्त तडतडतं, तेवढं सांभाळा.

सेज मोठ्या शहरांत घरपोच भाजी देणाऱ्यांकडे मिळतं, काही नर्सरीत रोपही मिळतं. नाहीच मिळालं तर दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या लोण्यात परतून काढून टाका आणि वरून लिंबाची साल किसा. सेजच्या जागी कढीपत्ता घालू नका, त्याचा वास पालकावर मात करतो.

वाढताना माणशी सात-आठ गोळे, वर किसलेलं चीज आणि मिरपूड. इटलीत हा जेवणातला पहिला पदार्थ असतो. मुख्य पदार्थ त्यानंतर येतो, म्हणून ताटली लहान असते. आपण तेवढंच जेवण म्हणून करणार असू तर सोबत काकडी-टोमॅटोची साधी कोशिंबीर पुरे. लोणी नको असेल तर लसूण आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेला टोमॅटोचा पातळ सॉस चालतो. मलईचा पांढरा सॉस मात्र घालू नका, आत रिकोत्ता आहेच.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: रव्यात पुरून ठेवा

नुसतं अंडं वगळून वरचीच कृती केली तर गोळे फुटतात. त्यासाठी वेगळी पद्धत आहे, आणि ती अंड्याच्या पद्धतीपेक्षा कुठेही कमी नाही. रिकोत्ता ४००, चीज ८०, पिळलेली भाजी १५० आणि मैदा ३० ग्रॅम असं मिश्रण करा. भाजी मुद्दाम कमी ठेवली आहे. खोलगट ताटात बारीक रव्याचा दोन सेंटिमीटर थर द्या, गोळे मांडा आणि वरून आणखी रवा ओतून पूर्ण झाका. झाकण न लावता फ्रीजमध्ये २४ ते ३६ तास ठेवा, मध्ये एकदा गोळे फिरवा. रवा गोळ्याच्या पृष्ठभागातलं पाणी शोषतो आणि भोवती एक पातळ, घट्ट साल तयार होते. इटलीत यासाठी ड्युरम गव्हाचा सेमोला वापरतात, आपल्या बारीक रव्यानेही काम होतं. जाडा रवा घेऊ नका, तो कचकच लागतो.

शिजवण्याआधी जास्तीचा रवा झटका आणि अगदी मंद आधणात तीन मिनिटं ठेवा. कापल्यावर आतलं रिकोत्ता जवळजवळ ओघळतं. उरलेला रवा दमट झालेला असतो, तो बरणीत परत टाकू नका. त्याच दिवशी उपमा करून टाका.

उरले तर

अंडं घातलेले कच्चे गोळे त्याच दिवशी शिजवा. ठेवायचे असतील तर ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. शिजवताना बर्फ उतरू द्यायचा नाही, उतरला की पाणी सुटतं आणि गोळा मोडतो. थेट आधणात सोडा, आणि चारऐवजी सहा मिनिटं द्या. शिजवून उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी तेल लावलेल्या भांड्यात टोमॅटोच्या सॉसवर मांडा, चीज किसून घाला आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर वर तांबूस होईपर्यंत भाजा.